साठीनंतर वजन उतरवताना स्नायू राखणे: फोंडा तालुका (गोवा), पावसाळा २०२५ – प्रकल्प नोंदी

१९ मे, सोमवार

जागा ठरली. देवळाची अग्रशाळा (भाविकांना उतरायची जागा), सोम-बुध-शुक्र सकाळी ७ ते ८. आवारात नुस्तें (मासळी) आणि अंडं नेता येत नाही, म्हणून रांधून दाखवण्याचं काम पलीकडच्या समाजगृहाच्या स्वयंपाकघरात होईल.

वय ६० च्या पुढे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ च्या वर (आपल्याकडे स्थूलता २५ पासून धरतात). मुदत १२ आठवडे: २ जून ते २५ ऑगस्ट, म्हणजे चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दोन दिवस आधी काम संपतं. वजन ५ टक्क्यांच्या आसपास उतरावं, पण खुर्चीतून उठायला लागणारा वेळ वाढता कामा नये. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर खुर्ची राखायची, वजन राहू द्यायचं.

कारण साधं आहे. नुसतं जेवण तोडून उतरवलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबी नसलेल्या ऊतींचा असतो आणि त्यात स्नायू येतो. सत्तरीत वजन पुन्हा चढलं की चढते ती बहुतेक चरबी, गेलेला स्नायू तेवढ्या प्रमाणात परत येत नाही. त्यामुळे ‘उतरलं, चढलं, पुन्हा उतरवलं’ असे तीन फेरे घेतलेला माणूस त्याच वजनावर पहिल्यापेक्षा अशक्त असू शकतो. काट्यावर हे दिसत नाही.

कोणाला घ्यायचं नाही: प्रयत्न न करता गेल्या सहा महिन्यांत वजन घटलेले (त्यांना आधी डॉक्टर, मग बाकी सगळं), ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं, तो आकडा) ३० च्या खाली असून डायलिसिसवर नसलेले, हृदय निकामी होत असल्यामुळे पाणी मोजून पिणारे, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, ताजं हाड मोडलेले. ईजीएफआर ३० ते ६० असेल तर प्रथिनाचा आकडा त्यांच्या डॉक्टरांनी लिहून द्यायचा. इथे एक फसवणूक असते. ईजीएफआर ज्यावरून काढतात ते रक्तातलं क्रिएटिनिन स्नायूतून येतं. अंगात स्नायूच कमी असेल तर क्रिएटिनिन कमी दिसतं आणि मूत्रपिंड आहे त्यापेक्षा चांगलं वाटतं. हडकुळ्या हातापायांच्या आणि सुटलेल्या पोटाच्या माणसाचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट डोळे झाकून धरायचा नाही. शंका आली तर सिस्टॅटिन-सी (स्नायूवर फारशी अवलंबून नसलेली मूत्रपिंडाची रक्तचाचणी) करून घ्यायला सांगायचं.

२२ मे, गुरुवार

घरोघरी ताटं तोलली. काटा १ ग्रॅमचा. रोजचा नमुना जवळजवळ सारखाच निघाला:

सकाळी दुधाचा चहा आणि एक उंडो किंवा पोय (गोव्याचे पाव): प्रथिन ६ ग्रॅम. अकराला उकड्या तांदळाची पेज, लोणचं: ३. दुपारी शीत (भात)-कडी आणि हुमणातला (माशाच्या आमटीतला) एक बांगडा, भाजी: २२. संध्याकाळी चहा-बिस्किटं: २. रात्री थोडं शीत, दुपारच्या कडीचा उरलेला रस, भाजी: ७. एकूण ४०.

४० पैकी २२ एकट्या दुपारी, आणि त्यातले १३ एका बांगड्याचे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. बंदी यांत्रिक होड्यांना आहे. खाडीतली सुंगटां (कोळंबी), तिसऱ्या (शिंपल्या) मिळतील, पण थोड्या आणि महाग. मग २५ जुलैला श्रावण लागतो आणि पुष्कळ घरांत चवथीपर्यंत नुस्तें नाही. म्हणजे प्रकल्पाचे बाराही आठवडे बांगडा बहुतेक ताटाबाहेर. त्याच्या जागी ३० ग्रॅम अळसांद्यांचं (चवळीच्या जातीच्या कडधान्याचं) तोंडाक (वाटणाची आमटी) आलं तर दिवसाची बेरीज ३३-३४ वर येते.

तोलताना लक्षात ठेवायचं: १२० ग्रॅमचा अख्खा बांगडा म्हणजे १२० ग्रॅम मासा नव्हे. डोकं, आतडी, काटा काढून ६५-७० ग्रॅम उरतात. वरणाचंही तसंच. भांड्यात डाळ तळाशी बसते आणि घरात सर्वांत आधी वाढलं जातं ते म्हाताऱ्या माणसाला, वरवरच्या पातळ पाण्यातून डाव भरून. पेजेतही निवळच त्यांच्या वाट्याला येते. डाव तळातून हलवून भरायचा, हे घरातल्या वाढणाऱ्याला सांगायचं आहे. जेवणाऱ्याला सांगून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट सर्वत्र आढळली. वजन कमी करायचं ठरलं की पहिलं जातं ते रात्रीचं जेवण. आधीच ७ ग्रॅम असलेलं.

२६ मे, सोमवार

लक्ष्य किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी चांगल्या प्रतीचं प्रथिन किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. तो आकडा निरोगी माणसाची गरज भागवण्याचा. म्हातारपण आणि उणे कॅलरी एकत्र आल्यावरचा नाही. प्रॉट-एज या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये ६५ वरच्यांसाठी १.० ते १.२ सुचवले, दुखणं असेल तर १.२ ते १.५. आपण १.२ धरतो.

किलो कुठले धरायचे, यावर घोळ होतो. प्रत्यक्ष वजन घेतलं तर चरबीलाही प्रथिन वाढल्यासारखं होतं आणि आकडा गिळता येणार नाही इतका फुगतो. हिशेब असा:

उंची १५५ सेंमी, वजन ७२ किलो, बीएमआय ३०. बीएमआय २३ ला येणारं वजन ५५. जास्तीचे १७, त्याचा चौथा हिस्सा ४. ५५ + ४ = ५९ किलो. ५९ × १.२ = ७१ ग्रॅम.

दुसरा आकडा एका जेवणाचा. वय वाढलं की स्नायू प्रथिनाच्या लहान मात्रेला दाद देत नाही. तरुणाचा स्नायू एका वेळी किलोमागे ०.२४ ग्रॅमवर पुरता चेततो, तर म्हाताऱ्याला ०.४ च्या आसपास लागतात. ५९ किलोला ते २४ ग्रॅम होतात. त्या मात्रेत ल्युसिन हे अमिनो आम्ल अडीच ग्रॅमच्या जवळ पोचतं, आणि स्नायू बांधायचा इशारा मुख्यतः तेच देतं. म्हणून ७१ ग्रॅम एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा २४-२४ चे तीन ढीग बरे. आपल्याकडे दुपारचा ढीग आहेच. सकाळचा आणि रात्रीचा नव्याने उभा करायचा. सगळं काम त्या दोन जेवणांचं आहे.

२८ मे, बुधवार

पहिला आहारतक्ता रद्द.

तक्ता १ मध्ये कापलं होतं ते असं (किलोकॅलरीत): दुपारचा तांदूळ कच्चा १०० ग्रॅमवरून ५०, वाचले १७५. अकराची पेज बंद, १४०. रात्रीच्या ६० ग्रॅम तांदळाऐवजी ३० ग्रॅम पिठाची पोळी, ११०. बिस्किटं बंद, ११०. साखर निम्मी, ६०. कडीतलं ओलं खोबरं माणशी ४० ग्रॅमवरून १५, वाचले ९०. बेरीज ६८५. छान दिसत होतं.

मग वाढवलेलं मोजलं. दोन अंडी १४०, टोन्ड दूध १५० मिली ९०, सोया वडी १५ ग्रॅम ५०, दही १०० ग्रॅम ६०, पनीर ६० ग्रॅम १६०, डाळ २५ ग्रॅम ८५, फुटाणे २५ ग्रॅम ९०, अळसांदे २० ग्रॅम जास्त ६५. बेरीज ७४०.

म्हणजे वजन उतरवायचा तक्ता ५५ कॅलरी चढा निघाला. ‘प्रथिन वाढवा’ एवढंच सांगून लोकांना घरी पाठवलं की हेच होतं. पनीर, शेंगदाणे, बदाम यांना प्रथिन म्हणून मान मिळतो, पण त्यांच्या कॅलरीतला मोठा भाग तेला-तुपाचा असतो.

तक्ता २: पनीर काढून रात्री आणखी २० ग्रॅम सोया वडी (९० वाचले, प्रथिन जेमतेम १ ग्रॅम घटलं). एका अंड्याचा बलक काढला, ५५. फुटाणे काढले, ९०. तेल दिवसाला सहा छोट्या चमच्यांवरून तीन, १३५. साखर पूर्ण बंद, आणखी ६०. सकाळच्या दुधात १० ग्रॅम स्किम्ड दूध पावडर घातली, ३५ वाढले. निव्वळ उणे ३४०.

प्रथिन: सकाळ २३-२४, दुपार २७, रात्र २१, चहातलं दूध दीड. ७३ च्या आसपास.

३४० × ७ म्हणजे आठवड्याला २,३८० किलोकॅलरी. किलोभर चरबीला ७,७०० धरले तर आठवड्याला ३०० ग्रॅम. १२ आठवड्यांत साडेतीन किलोच्या वर. ७२ किलोच्या बाईला ५ टक्के. यापेक्षा घाई नको. दिवसाला १,२०० कॅलरींच्या खाली कोणाचाही तक्ता जाणार नाही, कितीही गळ घातली तरी.

अंडं न खाणाऱ्यांची सकाळ: ५० ग्रॅम मूगडाळीचे पोळे (१२), दही १५० ग्रॅम (५), तेच पावडर घातलेलं दूध निम्मं (४). २१ होतात. चालेल.

३१ मे, शनिवार

सुरुवातीची मोजमापं. निकष आशियाई सार्कोपेनिया (वयाबरोबर स्नायू झिजणं) गटाचे, २०१९ चे: मुठीची पकड पुरुष २८ किलोच्या खाली, बाई १८ च्या खाली, पाच वेळा उठबस १२ सेकंद किंवा जास्त, ६ मीटर चालण्याचा वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी, पोटरीचा घेर पुरुष ३४, बाई ३३ सेंमीच्या खाली. यांतलं एकही लागू झालं तर त्या सदस्याचं वजन उतरवणं चार आठवडे थांबवायचं आणि आधी फक्त व्यायाम व प्रथिन सुरू करायचं.

काय बिघडलं:

वजनकाटा. अग्रशाळेची जमीन उताराची आहे, धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. काटा एका कोपऱ्यात ७० आणि दुसऱ्यात ७१.२ दाखवत होता. १८ मिलीमीटर प्लायचा तुकडा, खाली पाचर, वर स्पिरिट लेव्हल. रोज पहिल्यांदा २० लिटर पाण्याचा भरलेला कॅन ठेवून पडताळायचं. रिकामा कॅन वेगळा तोलून त्यावर लिहून ठेवला आहे.

खुर्ची. प्लास्टिकची खुर्ची ओल्या लादीवर मागे सरकते. पाठ भिंतीला टेकवूनच ठेवायची. बैठकीची उंची ४३ सेंमी. हात छातीवर घडी. पाचव्यांदा पूर्ण उभं राहिल्यावर घड्याळ थांबवायचं. एकाने उभं राहिल्यावर आणि दुसऱ्याने बसल्यावर थांबवलं तर सेकंदभराचा फरक नुसता मोजणाऱ्यामुळे पडतो. शिवाय सराव होतो. पहिल्यांदा करणारा दुसऱ्या खेपेला आपोआप जलद होतो आणि आपल्याला वाटतं कार्यक्रमाचा गुण आला. म्हणून एक खेप सरावाची, दुसरी मोजायची. शेवटच्या चाचणीतही तसंच.

चालणं. ६ मीटरचा पट्टा, पण सुरुवातीला आणि शेवटी २-२ मीटर मोकळे. नाहीतर माणूस रेषेवर पोचायच्या आधीच थांबायला लागतो. ओल्या चपला काढून, कोरड्या पायांनी.

पकड. स्प्रिंगच्या यंत्राला उभं राहून हात सरळ खाली. हायड्रॉलिक यंत्राला बसून कोपर ९० अंशांत. दोन्ही यंत्रांचे आकडे मिसळायचे नाहीत. दोन खेपा, मोठा आकडा धरायचा.

पोटरी. पायावर सूज असलेल्यांचा घेर खोटा भरतो. नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का, हे आधी पाहायचं.

चरबी-स्नायूची टक्केवारी दाखवणारा पायाखालचा काटा आणू नका, असं सर्वांना सांगितलं. तो अंगातल्या पाण्यातून वीज सोडून अंदाज बांधतो. ओले पाय, पाणी पिणं, लघवीच्या गोळ्या यांनी आकडा हलतो. पेसमेकर असलेल्याने त्यावर उभंच राहायचं नाही.

२ जून, सोमवार

व्यायाम सुरू. प्रथिनाने एकट्याने फार काही होत नाही, स्नायूला काम मिळालं पाहिजे. २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये व्हिलारील आणि सहकाऱ्यांनी १६० स्थूल वृद्धांवरचा २६ आठवड्यांचा प्रयोग मांडला. तिन्ही व्यायामगटांचं वजन ९ टक्के उतरलं, पण चरबी नसलेलं वजन नुसत्या चालण्या-सायकलच्या गटात ५ टक्के, नुसत्या वजनाच्या व्यायामात २ टक्के आणि दोन्ही एकत्र केलेल्यांत ३ टक्के घटलं. शारीरिक क्षमतेच्या गुणांत मात्र एकत्र गट पुढे: २१ टक्के वाढ, बाकी दोघांत १४. म्हणून सोम-बुध-शुक्र वजनं, बाकी दिवस अर्धा तास चालणं. पाऊस यंदा मेमध्येच आला. चालणं अग्रशाळेच्या पडवीत फेऱ्या मारून.

सहा प्रकार. खुर्चीतून उठबस. भिंतीला जोर. रबरी पट्टा खांबाला बांधून मागे खेचणं. टाचा वर उचलणं. १५ सेंमीच्या पायरीवर चढ-उतर. दोन हातांत वजन घेऊन २० मीटर चालणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, पहिले दोन आठवडे एक फेरी, मग दोन, सहाव्या आठवड्यापासून तीन. दहापैकी पाच इतकी दमछाक सुरुवातीला, पुढे सहा-सात. १२ सहज झाले तर पुढच्या वेळी वजन वाढवायचं. १२ चे २० करत बसायचं नाही.

उठताना श्वास बाहेर. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब झपकन चढतो. सुरू करण्याआधी १८० किंवा ११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नाही. गुडघे धरलेल्यांना खुर्चीवर लाकडी फळ्या टाकून बैठक ५० सेंमीपर्यंत उंच केली. दर पंधरवड्याला एक फळी काढायची.

९ जून, सोमवार

वाळूच्या पिशव्या फेल. कापडी पिशवीत २ किलो कोरडी वाळू भरली होती. आठवडाभर पडवीत राहून दमट झाली, तोलली तर प्रत्येक पिशवी वेगळी. त्यात शिवणीतून पाझरते. आता पाण्याच्या बाटल्या: १ लिटर म्हणजे १ किलो, हिशेब मिटला. बाटलीला सुती नाड्याचा कान बांधायचा, कारण संधिवाताच्या बोटांत गोल बाटली टिकत नाही. वाढवायचं तर पाव लिटरने. हातात चार किलोच्या वर जाणाऱ्यांना झाकणाचा कॅन.

१६ जून, सोमवार

दोन आठवड्यांनी पहिलं वजन. काहींचं हिशेबापेक्षा बरंच जास्त उतरलं आणि खूश झाले. त्यांना समजावलं: भात कमी केला की यकृत आणि स्नायूंतली साठवलेली साखर संपते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमला जवळजवळ तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. ते पाणी गेलं. चवथीला दोन दिवस मोदक-नेवऱ्या (करंज्या) खाल्ल्या की तेच पाणी परत येईल. तेव्हा रडायचं नाही.

पण चौथ्या आठवड्यानंतरही कोणी आठवड्याला वजनाच्या १ टक्क्यापेक्षा वेगाने उतरत असेल तर तक्त्यात २०० कॅलरी वाढवायच्या. बहुधा त्याने रात्रीचं जेवण पुन्हा सोडलेलं असतं. विचारायची पद्धत: ‘जेवता का?’ असं विचारलं तर ‘हो’ येतं. ‘काल रात्री ताटात काय होतं, बाय?’ असं विचारायचं.

२७ जून, शुक्रवार

पोटाच्या तक्रारी. अपेक्षितच होत्या.

वायू: अळसांदे ८-१० तास भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात शिजवायचे, मऊ होईपर्यंत. पहिल्या आठवड्यात २५ ग्रॅम, मग ३५, मग ५०. एकदम ५० दिले ही तक्त्याची चूक. मूग सर्वांत सोसतात. मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची खोबऱ्याची आमटी) केल्या तर खाणारा तक्रार करत नाही, फक्त खोबरं हातानं नको, वजनानं घालायचं.

बद्धकोष्ठ: भात निम्मा झाला, ताटाचा आकार घटला, आणि पावसात पाणी प्यायचं आठवत नाही. दुपारी तांबडी भाजी किंवा भेंडी, सोबत तवसं (काकडी), आणि दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी (ज्यांना डॉक्टरांनी पाणी तोडलेलं नाही त्यांना).

सोयाचा वास: वडी उकळत्या पाण्यात १० मिनिटं, निथळून गार पाण्यात, दोनदा घट्ट पिळायची. मग जाडसर वाटून तेफळ-मिरचीच्या वाटणात घालायची. अख्खी वडी म्हाताऱ्यांना आवडत नाही, कवळीला चिवट लागते. वाटून तोंडाकात गेली की कोणी नाव विचारत नाही.

तोलण्याची नवी चूक: एका घरी डाळ ‘२५ ग्रॅम’ म्हणून शिजलेली तोलली. तक्त्यातले सगळे आकडे कच्च्या धान्याचे. २५ ग्रॅम कच्च्या डाळीचं घट्ट वरण १०० ग्रॅमच्या वर भरतं. तक्त्यावर ‘कच्चं’ हा शब्द प्रत्येक ओळीत मोठ्या अक्षरात पुन्हा छापला.

४ जुलै, शुक्रवार

रविवारी आषाढी. साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिन जवळजवळ शून्य. जे असेल ते शेंगदाण्याच्या कुटाचं. उपास सोडा म्हणायचं नाही, ते कोणी ऐकत नाही आणि ऐकू नये. पर्याय दिला: राजगिऱ्याच्या ४० ग्रॅम पिठाची भाकरी (५.५), दही २०० ग्रॅम (६), शेंगदाणे ३० ग्रॅम (७.५). एका वेळचे १९. हे दोनदा, मध्ये दूध. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिनवर असलेल्यांनी त्या दिवशीची मात्रा डॉक्टरांना विचारून. निर्जळी कोणीही नाही.

१४ जुलै, सोमवार

औषधं. हा भाग आधी लिहायला हवा होता.

मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन जुन्या भाताच्या हिशेबाने ठरलेलं असतं. तांदूळ निम्मा केला आणि गोळी तीच ठेवली की अकराच्या सुमाराला घाम, थरथर. अकराची पेज बंद केलेल्यांत हे आधी दिसतं. तक्ता सुरू करण्यापूर्वीच मात्रा तपासून घ्यायची.

रक्तदाबाच्या गोळ्या: वजन आणि मीठ दोन्ही उतरलं की उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी. बसून आणि उभं राहून तीन मिनिटांनी, असा दोन्ही वेळा दाब मोजायचा. वरचा आकडा २० किंवा जास्त पडला तर चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडे.

थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी. सोया आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर. दूध पावडरचं दूध किमान तासाभराने.

युरिक आम्ल वाढलेल्यांना पुरुमेंताचा (पावसाळ्याच्या साठवणीचा) गालमो (सुकी बारीक सुंगटां) आणि बंदी उठल्यावरची तारली जपून. त्यांचं प्रथिन अंडं-दूध-दह्यातून. बाकीच्यांना गालम्याचं किस्मूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) चालेल: सुक्या सुंगटांत १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या वर प्रथिन, म्हणजे २० ग्रॅमला १२. मात्र मिठात वाळवलेलं असेल तर रक्तदाबवाल्यांना नको, धुतलं तरी पुरतं सुटत नाही.

भूक मारणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांसाठी वेगळा कागद करायचा आहे. त्यांना पहिले चार घासच जातात. ते चार घास अंड्याचे किंवा डाळीचे असावेत, शीत शेवटी.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. अंडंही बंद झालेली घरं बरीच. मूगडाळीचे पोळे रोज सकाळी जड होतात म्हणून दुसरी न्याहारी चाचणीला घेतली: टोन्ड दुधाचं ४०० ग्रॅम दही रात्री मलमलीत बांधून ठेवायचं, सकाळी घट्ट चक्का. पाण्याबरोबर थोडं प्रथिन वाहून जातं, तरी चक्क्यात ८-१० ग्रॅम राहतं आणि पोट भरतं. साखर न घालता वेलची, पिकलेलं केळं अर्धं. दमट हवेत दही ओट्यावर बांधून ठेवलं तर आंबतं, फ्रीजमध्येच टांगायचं.

नाचणीबद्दल वारंवार विचारणा होते. कॅल्शियमला उत्तम, प्रथिन १०० ग्रॅमला ७ च्या आसपास, तांदळाएवढंच. प्रथिन म्हणून धरायची नाही. कुळीथ धरायचे: २२ च्या जवळ.

१ ऑगस्ट, शुक्रवार

बंदी उठली. ताटात फरक नाही. श्रावण.

११ ऑगस्ट, सोमवार

वजन अडलेल्यांची तपासणी. तीनच कारणं सापडतात: खोबरं पुन्हा हाताने पडू लागलं, देवळातला प्रसाद मोजणीत नाही, आणि ‘आज व्यायाम झाला’ म्हणून वाढलेली पोळी. चौथं कारण चांगलं: वजन तेच, पण कमरेचा घेर घटला आणि बाटली जड झाली. तिथे तक्त्याला हात लावायचा नाही.

व्यायामात अडलेले वेगळे. भिंतीला जोर सोपा झाला तर टेबलाच्या कडेला. उठबस सोपी झाली तर बसताना चार मोजत सावकाश खाली. सावकाश उतरताना स्नायूवर ताण जास्त वेळ राहतो. दोन दिवसांत दुखणं गेलं नाही तर वाढ जास्त झाली, एक पायरी मागे. सांध्यात टोचणारी कळ आली तर त्याच क्षणी थांबायचं. मांडीतला जडपणा चालतो.

२५ ऑगस्ट, सोमवार

शेवटची मोजमापं. तोच प्लाय, तीच खुर्ची, तीच वेळ, त्याच माणसाच्या हातात घड्याळ. मोजमापांआधी व्यायाम वर्ज्य ठेवला होता, दुखऱ्या मांड्यांनी उठबस मंद होते म्हणून.

प्रत्येकाच्या कागदावर दोन आकडे शेजारी: उतरलेले किलो आणि उठबशीचे सेकंद. पहिला उतरला आणि दुसरा सराव-खेप धरूनही दोन सेकंदांहून जास्त वाढला, तर त्या सदस्याचं वजन उतरवणं इथेच थांबतं. पुढचे १२ आठवडे सध्याच्या वजनावर, कॅलरी ३४० परत वाढवून. त्या परत देताना भातात नको, अर्ध्या डाळी-दुधात आणि अर्ध्या तेल-दाण्यांत.

२६ ऑगस्ट, मंगळवार

चवथीचे दिवस: कोणताही तक्ता नाही. फक्त सकाळचं २४ ग्रॅमचं ताट आधी, पातोळ्या-नेवऱ्या नंतर. खतखत्यात (मिसळीच्या भाजीत) मूग किंवा तूर वाढवायला घरच्यांची हरकत नसते.

८ सप्टेंबर, सोमवार

अग्रशाळा पुन्हा उघडली. बांगडा आला, दुपारच्या ताटात दोन गेले तर सोया काढायची, दोन्ही नको. प्लायची एक कड पाण्याने फुगली आहे, बुधवारच्या आधी बदलणे. रबरी पट्टे तीन जागी चिरले आहेत. ते खांबाच्या खडबडीत चिऱ्यावर घासतात, म्हणून नवे बांधताना आत सुती कापड गुंडाळणे.